८५ ग्रॅमच्या बॅटरीची वाट

डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या कडेच्या एखाद्या माळावर सकाळी सातला वारा अजून उठलेला नसतो. गाडीच्या बॉनेटवर फोमचं विमान ठेवून कुणीतरी त्याच्या पोटात बॅटरी सरकवत असतं. जरा पुढे, जरा मागे. मग दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचं. बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावीत आणि नाक किंचित खाली झुकावं, म्हणजे सीजी, म्हणजेच गुरुत्वमध्य, जमला. ही बॅटरी तीन सेलची, १००० एमएएचची (एमएएच हे बॅटरीच्या साठ्याचं माप), वजन साधारण ८५ ग्रॅम. रेडिओने चालवायच्या, विजेवर उडणाऱ्या छोट्या हौशी विमानांचा इतिहास म्हणजे या ८५ ग्रॅमपर्यंत पोचायचा इतिहास, असं मला मनापासून वाटतं.

उडवायचं कसं, हे माणसाला फार आधी कळलं होतं. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो याने पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान उडवून दाखवलं. ते आपला तोल आपणच सांभाळत होतं. रेडिओही लवकर आला. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये बिनतारी नियंत्रणावर बोट चालवली आणि १९३७ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. त्याचे पंख ८ फुटी होते, कारण तेव्हाचे रेडिओ आणि बॅटऱ्या वाहून न्यायला एवढं मोठं विमान लागायचंच.

अडलं ते विजेपाशी. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ विजेच्या मोटरवर उडवलं. रेडिओ-नियंत्रित विमानाचं हे विजेवरचं पहिलं अधिकृत नोंदलेलं उड्डाण. त्यात चांदी-जस्ताची बॅटरी होती. उत्तम, पण हौशी माणसाच्या खिशाला न परवडणारी. पुढे जर्मनीत फ्रेड मिलिट्की आणि अमेरिकेत बूशे बंधू चिकाटीने विजेच्या मागे लागले. बूशे बंधूंचं ‘सनराइज’ तर १९७४ मध्ये नुसत्या उन्हावर उडालं. बाकीच्यांच्या वाट्याला निकेल-कॅडमियम सेल आले. आज ८५ ग्रॅममध्ये मावणारी ऊर्जा त्या सेलमध्ये साठवायची तर जवळपास तिप्पट वजन व्हायचं, आणि एवढ्या लहान विमानाला ते उचलणं शक्य नव्हतं.

म्हणून बरीच वर्षं मैदानावर राज्य केलं ते इंजिनाने. मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालणारं ग्लो इंजिन ज्याने ऐकलंय तो तो आवाज विसरत नाही, आणि शेजारचेही विसरत नाहीत. मी पहिलं विमान उडवलं ते एनसीसीच्या हवाई शाखेत, कंट्रोल लाईनवर. दोन तारा हातात धरून मध्ये उभं राहायचं आणि तिवड्याभोवती बैल फिरावा तसं विमान आपल्याभोवती फिरवायचं. दोन मिनिटांत डोकं गरगरायचं, शर्टाला एरंडेलाचा वास लागायचा. रेडिओचा सेट त्या वेळी स्वप्नातच होता. एक तर तो आयात करायचा, आणि त्यात १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागायचा.

ज्यांच्याकडे सेट होते त्यांची वेगळी काळजी. एकाच चॅनलवर दोघांनी ट्रान्समीटर (हातातला सेट) चालू केला की हवेतलं विमान पडलंच. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिच्यावर चॅनलचे आकडे लिहिलेले कपड्यांचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच सेट चालू करायचा. भारतात २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, आणि त्याच सुमाराला हौशी विमानांचे रेडिओही जगभर त्या पट्ट्यावर येऊ लागले. ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर एकमेकांशी जोडले जाऊ लागले आणि चिमट्यांचं काम संपलं.

वजनाची गाठ मात्र विमानवाल्यांनी सोडवलीच नाही. ती सुटली खिशातल्या उपकरणांमुळे. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, मोबाइल आणि लॅपटॉपसाठी तिची पातळ, हलकी भावंडं आली, आणि २००० नंतर ती विमानांत बसली. मोटरची गोष्टही तशीच. निकामी सीडी ड्राइव्हमधल्या मोटरवर जाड तार नव्याने गुंडाळून हौशी लोकांनी घरीच ब्रशलेस (घासणारे ब्रश नसलेल्या) मोटरी बनवल्या. तयार स्वस्त मोटरी त्यानंतर आल्या. मोटरच्या तीन वायरी ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, जोडायच्या, उलटी फिरली तर कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या. एवढं सोपं झाल्यावर आप्पा बळवंत चौकातून सनबोर्ड (हलका फोमचा तक्ता) आणि तापकीर गल्लीतून कनेक्टर आणून शाळकरी पोरंही विमान बांधू लागली.

तयारीच्या सवयींत तो जुना काळ अजून दिसतो. आधी ट्रान्समीटर चालू करायचा, मग बॅटरी जोडायची, आणि बंद करताना उलट क्रम. जुना रिसीव्हर सिग्नल नसला की हवेतली खरखरच हुकूम समजायचा. आज त्यात सुधारणा आहे, तरी क्रम मोडू नये. इंजिन हाताने फिरवल्याशिवाय सुरू व्हायचं नाही; मोटर क्षणात फिरते. टेबलावर प्रॉप (नाकावरचा पंखा) न काढता, थ्रॉटल (मोटरच्या वेगाची स्टिक) खाली आहे का हे न बघता मी एकदा बॅटरी जोडली. त्याची खूण माझ्या तर्जनीवर आहे. मग तीसेक पावलं लांब जाऊन रेंज तपासायची. विमानामागे उभं राहून स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेलाच पाहिजे. दुरुस्तीनंतर लिंकेज (पट्टी हलवणारी जोडकाडी) उलटं बसलं असेल तर इथेच कळतं.

२०२१ च्या ड्रोन नियमांत ही विमानंही येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए. त्यामुळे पुण्यात माळ मोकळा दिसला तरी वरचं आकाश मोकळं असेलच असं नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघूनच निघावं.

उडवून झाल्यावर बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नये आणि रिकामीही. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा, आणि चार्जिंग नेहमी नजरेसमोर करावं. फुगलेली बॅटरी पुन्हा विमानात घालू नये, कितीही नवी असली तरी.