एफएसए : वैद्यकीय खर्चाचे करमुक्त खाते

अमेरिकेतल्या नोकरदाराला पगाराचा काही भाग कर कापला जाण्यापूर्वीच औषधपाण्यासाठी बाजूला ठेवता येतो. या सोयीचे नाव फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, बोलण्यात एफएसए. तिला आधार आहे १९७८ च्या महसूल कायद्याने आणलेल्या कलम १२५ चा. खाते कंपनीमार्फतच मिळते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ते उघडता येत नाही. या रकमेवर आयकर तर वाचतोच, शिवाय सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) यांची मिळून होणारी ७.६५ टक्के कपातही वाचते. २०२६ साठी पगारातून वळवायच्या रकमेची कमाल मर्यादा ३,४०० डॉलर आहे.

आकडा वर्ष सुरू होण्यापूर्वीच ठरवावा लागतो, आणि लग्न, मूल होणे अशा कारणांखेरीज तो मध्येच बदलता येत नाही. मात्र हप्ते वर्षभर कापले जात असले, तरी ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. जानेवारीत सगळे पैसे दातांवर खर्चून फेब्रुवारीत नोकरी सोडली, तर राहिलेले हप्ते कंपनीला वसूल करता येत नाहीत. उलट बाजूही तितकीच रोखठोक आहे : वर्षअखेर उरलेले पैसे बुडतात. कंपनीने मुभा दिली असेल, तर २०२६ मधले ६८० डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात नेता येतात किंवा खर्चाला अडीच महिन्यांची सवलत मिळते. दोन्ही एकदम नाही, आणि यांतले काहीच न देणाऱ्या कंपन्याही आहेत. डिसेंबरात चष्म्याच्या दुकानात दिसणारी लगबग ती याचमुळे.

डॉक्टरची फी, चष्मा, दातांचे काम, ताप-सर्दीच्या गोळ्या हे सारे चालते. चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे २०११ पासून वगळलेली होती. २०२० च्या केअर्स कायद्याने, म्हणजे कोविडकाळातल्या मदत कायद्याने, ती परत आली, आणि सॅनिटरी पॅडही पहिल्यांदाच यादीत बसले. दात पांढरे करून घेणे मात्र चालत नाही.

खरी मेख पावतीत आहे. खात्याचे कार्ड मिळते, ते चालते, आणि माणूस निर्धास्त होतो. पण कार्ड चालले म्हणजे खर्च मंजूर झाला असे नाही. मोठ्या औषधदुकानांची यंत्रणा पात्र वस्तू आपोआप ओळखते. दंतवैद्याकडच्या बिलाला ती सोय सहसा नसते, आणि काही आठवड्यांनी पुरावा मागणारे पत्र येते. पावतीवर उपचार देणाऱ्याचे नाव, रुग्णाचे नाव, उपचाराची तारीख, नेमके काय केले आणि किती रक्कम, हे सगळे लागते. तारीख उपचाराची हवी, पैसे भरल्याची नव्हे. कार्ड यंत्रातून निघालेल्या चिटोऱ्यावर यातले जेमतेम दोन तपशील असतात. ‘मागील बाकी’ एवढेच लिहिलेले बिलही परत येते. विमा कंपनीचे खर्चविवरण हा त्यातल्या त्यात भक्कम कागद. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून पावतीचा फोटो त्याच दिवशी काढलेला बरा. पुरावा दिलाच नाही, तर कार्ड बंद होते, पैसे परत मागितले जातात, आणि तेही जमले नाही तर ती रक्कम करपात्र पगारात धरली जाऊ शकते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत याला आणखी एक फाटा फुटतो. सुट्टीत पुण्याला जाऊन रूट कॅनाल करून घेतले, तर तो खर्च या खात्यात बसू शकतो. अडचण येते कागदाची : लेटरहेडवर ‘रोख मिळाले’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही. तपशीलवार बिल मागून घ्यावे, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे आणि रुपयांचे डॉलर करून दाखवावेत. तिथून बॅगेत भरून आणलेली औषधे मात्र सहसा नाकारली जातात. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांच्या डॉक्टरचे बिलही एरवी चालत नाही, कारण करकायद्याच्या लेखी ते अवलंबित ठरत नाहीत.