जिप्सीचा पाटेबदल

मारुती जिप्सीचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), शॉकॲब्सॉर्बर आणि पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश घरच्या पार्किंगमध्ये उतरवून नवे बसवण्याचे काम. १९८५ साली आलेल्या या गाडीला पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) आणि पाटे आहेत. स्ट्रटवाल्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या) गाडीत दाबून धरलेली कॉइल स्प्रिंग निसटण्याची जी भीती असते ती इथे नाही, म्हणून घरी करायला हे काम चांगले. मूळ पाटे भार वाहण्यासाठी कडक ठेवलेले असतात; रिकामी गाडी पुण्याच्या गतिरोधकांवर उडते ती त्यामुळेच.

सर्वाधिक वेळ खातो तो गंज. दोन-चार पावसाळे खाल्लेला शॅकलचा (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचा) बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत चिकटून बसतो. त्याला आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल मारावे. ठोकताना नट टोकाशी राहू द्यावा, नाहीतर आटे चेपतात. एवढ्यानेही न निघाल्यास बोल्ट कापावा. नवे बोल्ट, बुश आणि पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट पुण्याच्या नाना पेठेतून आधीच आणून ठेवावेत. एकदा ताणलेले यू-बोल्ट परत वापरू नयेत.

गाडी चेसिसखाली घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी, ॲक्सलला वेगळा जॅक द्यावा. एका वेळी एकच बाजू सोडावी. ॲक्सल खाली उतरवताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे पाहावे. पाट्याची पाने एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या खाचेत नीट बसले पाहिजे. ते बसले नाही तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी एका अंगाने ओढते. यू-बोल्टचे चारही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत.

बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण कसावेत. पाटे लोंबकळत असताना कसले तर जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते: गाडी कडक चालते आणि बुश लवकर फाटतात. नवे पाटे टाकूनही गाडी आपटते, या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हीच चूक सापडते.

मऊपणासाठी पाट्यातले एखादे पान काढून टाकले की गाडी बसते आणि उरलेल्या पानांवर ताण येतो. त्यापेक्षा कमी पानांचे पॅराबोलिक (मध्ये जाड, टोकांकडे निमुळते) पाटे आणि त्यांना जुळणारे शॉक घ्यावेत. उंची वाढवण्यासाठी पुढे लांब शॅकल लावले तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परतत नाही, हे सिंहगडाच्या घाटात लगेच कळते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांना मर्यादा घालते.

यू-बोल्ट शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेला, कंपनीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) तपासावेत.