एकाच घराचं प्यादं: सुलतान खान यांच्या बुद्धिबळामागची पार्श्वभूमी

आजोबांसमोर पट मांडला की पहिला वाद प्याद्यावरून व्हायचा. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जाऊ शकतं. आजोबांचं प्यादं एकच घर चालायचं. आम्ही दोन घरं टाकलं की ते काही न बोलता उचलून एक घर मागे ठेवायचे. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला आडोशाला नेणं, त्यांना ठाऊकच नव्हतं. राजाला अजून शह बसलेला नसेल तर डावात एकदा त्याने घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारावी, हा त्यांचा कायदा. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा वजीरच होईल असं नाही. ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं मिळायचं. समोरच्याचा नुसता राजा उरला तर डाव बुर्जी, म्हणजे जिंकूनही पुरतं जिंकलं नाही. आणि प्याद्याने मात झाली, प्यादेमात, तर पट तसाच ठेवून घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवायचे.

या नियमांत गावागणिक थोडाफार फरक असे, पण पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत देशी बुद्धिबळाचा गाभा हाच होता. याच पटावर वाढलेला पंजाबातला एक तरुण १९२९ साली लंडनला गेला आणि पुढच्या पाच वर्षांत ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकला. त्याचं नाव सुलतान खान. त्यांच्याविषयी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: एका संस्थानिकाचा निरक्षर नोकर, पुस्तक हातात न धरता, नुसत्या दैवी देणगीवर जगातल्या दिग्गजांना हरवून गेला. ऐकायला छान आहे. पण या गोष्टीत त्या माणसाचं शिक्षणच गायब होतं. सुलतान खान शिकलेले होते, फक्त युरोपात शिकवत नव्हते त्या शाळेत.

ही शाळा समजून घ्यायची तर आणखी मागे जावं लागतं. इंग्रज आले तेव्हा हिंदुस्थानात बुद्धिबळ घरोघर होतं, पण युरोपात दरम्यानच्या काळात नियम बदलले होते. दोन प्रकारचे खेळ एकाच देशात शेजारी शेजारी नांदत होते, आणि एकीकडून दुसरीकडे जाणारी माणसंही होती. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. मूळ संस्कृत, आणि त्यातल्या डावस्थिती युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेल्या. एक शास्त्री आपल्या पटावरचं ज्ञान परक्या नियमांत बसवून दाखवतो, हे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत घडलंय, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

पुढे १८५० च्या आसपास कलकत्त्याला महेशचंद्र बॅनर्जी हे गृहस्थ जॉन कॉक्रेन या तिथल्या स्कॉटिश बॅरिस्टराशी शेकडो डाव खेळले. महेशचंद्र मधली प्यादी धाडकन पुढे लोटत नसत. घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवून उंट कोपऱ्यातून लांब तिरकी नजर ठेवील असा बसवायचा, समोरच्याला मधली जागा घेऊ द्यायची आणि मग तीच जागा पोखरायची, अशी त्यांची रीत. प्यादं एकच घर चालणाऱ्या खेळात वाढलेल्या हाताला हे आपसूक सुचतं. आज ज्या सुरुवातींना जगभर ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात त्या नावाचा उगम या डावांत सांगितला जातो. युरोपातल्या मोठ्या खेळाडूंनी हा विचार गांभीर्याने उचलला तो विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धानंतर.

या पार्श्वभूमीवर सुलतान खान येतात. जन्म १९०३ च्या सुमाराचा, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब जिल्ह्यातल्या मिठा टिवाणा गावचा. घराणं धार्मिक प्रतिष्ठा असलेलं, जमीनजुमला असलेलं. वडील मियाँ निजामुद्दीन स्वतः उत्तम खेळत आणि पोरांना त्यांनीच शिकवलं. विशीत पोचेपर्यंत सुलतान खान पंजाबातले अव्वल खेळाडू मानले जाऊ लागले, अर्थात देशी पटावर. तेव्हा त्या भागातले बडे जमीनदार सर उमर हयात खान टिवाणा यांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतलं. दरबारात गवई किंवा पहिलवान ठेवावा तसा बुद्धिबळपटू ठेवण्याची ती जुनी रीत. युरोपीय नियम सुलतान खान यांनी त्यांच्याच पदरी शिकून घेतले, १९२६ च्या सुमारास. दोनच वर्षांनी, १९२८ साली, अखिल भारतीय स्पर्धेत नऊ डावांपैकी आठ जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून ते विजेते झाले.

उमर हयात खान लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या, कौन्सिलवर होते. १९२९ च्या वसंतात त्यांनी सुलतान खान यांना तिकडे नेलं. पहिल्याच छोट्या स्पर्धेत ते तळाला राहिले. डावाची सुरुवात कशी करायची याची पाश्चात्त्य तयारी त्यांच्याकडे काहीच नव्हती, आणि त्यावरची पुस्तकं होती इंग्रजीत नि जर्मनमध्ये. मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांच्याकडून सराव करून घेतला. काही आठवड्यांतच रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. साम्राज्याचा प्रजाजन म्हणून त्यांना खेळायचा हक्क होता. ते पहिले आले. नियम शिकून जेमतेम तीन वर्षं झाली होती.

लगेच ते हिंदुस्थानात परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा लंडनला गेले. मधल्या काळात इथे दांडीयात्रा होऊन गेली होती. हा काळ डोळ्यांसमोर ठेवला तर त्यांची जागा किती अवघड होती ते कळतं. हँबर्ग, प्राग आणि फोकस्टोन इथल्या तिन्ही ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धांमध्ये, फेटा बांधलेला हा पंजाबी माणूस इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर, संघातल्या अव्वल खेळाडूच्या जागी, बसत होता. त्यांच्या तोंडचं राजकारणावरचं एक वाक्यही कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही. ते बोलतच कमी.

१९३० सालीच बेल्जियममधल्या लीएजच्या स्पर्धेत ते युरोपातले नामवंत खेळाडू टार्टाकोवर यांच्या पाठोपाठ दुसरे आले. मग वर्षअखेरीच्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांच्यासमोर आले होझे राउल कॅपाब्लांका, माजी विश्वविजेते. हरणं म्हणजे काय ते ज्यांना क्वचितच माहीत, असा त्यांचा लौकिक.

तो डाव मी पटावर कितीतरी वेळा लावून पाहिलाय. सुलतान खान पांढरी मोहरी घेऊन खेळतात. पाचव्या चालीला ते डावीकडच्या टोकाचं, हत्तीपुढचं प्यादं फक्त एक घर सरकवतात. बघणाऱ्याला वाटावं, वेळ फुकट घालवला. पण काळ्याच्या उंटाला पुढे येऊन बसायची जागाच त्याने बंद होते. याच चालीला पुढे टिग्रान पेट्रोस्यान या विश्वविजेत्याचं नाव मिळालं, गॅरी कास्पारोव्हने ती शस्त्रासारखी वापरली, आणि आज पुण्या-मुंबईच्या क्लासमधली दहा वर्षांची मुलंही ती खेळतात. १९३० साली ती कोणत्याही पुस्तकाची शिफारस नव्हती.

आणखी एक गोष्ट बघा. पूर्ण डावात सुलतान खान यांचा राजा कॅसलिंग करतच नाही. तो पटाच्या मध्यावर उभा राहतो. कॅपाब्लांकांचे दोन्ही हत्ती उभ्या ओळीने आत घुसतात आणि शह देतात, तेव्हा राजा एक पाऊल वर येतो. मग सुलतान खान आपला वजीर देतात आणि बदल्यात दोन्ही हत्ती उचलतात. पुढच्या चाळीसेक चालींत काळ्या वजिराला कुठेही धड शिरकाव मिळत नाही. पांढरे हत्ती घाई न करता एकेक ओळ ताब्यात घेत जातात. पासष्टाव्या चालीला कॅपाब्लांकांनी डाव सोडला. राजाला कॅसलिंगची कडी-कुलपं माहीत नसलेल्या खेळात वाढलेला माणूसच इतक्या निवांतपणे त्याला उघड्यावर ठेवू शकतो, असं मला हा डाव लावताना दर वेळी वाटतं.

देशी पटाने त्यांना दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचा खेळ. जिथे बुर्जी टाळून पुरती मात करायची असते आणि प्यादं कोणत्या घरात पोचणार यावर त्याचं मोल ठरतं, तिथे चार-पाच मोहरी उरल्यावरच खरा हिशेब सुरू होतो. सुलतान खान यांचे प्रतिस्पर्धी सुरुवातीला वरचढ ठरायचे आणि शेवटाकडे हातातला डाव गमावायचे, हे त्यांच्या कितीतरी डावांत दिसतं. कॅपाब्लांकांनी पुढे त्यांच्याविषयी लिहिताना ‘जीनियस’ हा शब्द वापरला. तो शब्द कॅपाब्लांका उठसूट वापरत नसत.

१९३१ साली टार्टाकोवर यांच्याशी बारा डावांचा सामना झाला. सुलतान खान यांनी तो साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये आठ विजय, सात बरोबऱ्या आणि दोनच पराभव. हरवलेल्यांत अकिबा रुबिनस्टाईन आणि सालो फ्लोर हे युरोपातले अव्वल खेळाडू होते. विश्वविजेते अलेखिन यांच्याशी बरोबरी. १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्यांच्याकडे. १९३३ ची स्पर्धा हेस्टिंग्जला होती, आणि तिथेच महिलांचं अजिंक्यपद मिस फातिमा यांनी जिंकलं, अकरा डावांत एकही न हरता. त्याही उमर हयात खान यांच्याच घरातल्या. एका दिवाणखान्यातून दोन विजेते निघाले, आणि फातिमांचं नाव तर सुलतान खान यांच्याहूनही जास्त विसरलं गेलं.

इंग्लंडची हवा मात्र त्यांना कधीच मानवली नाही. मलेरिया, सर्दी, इन्फ्लुएन्झा, घशाची दुखणी सतत चालू. कित्येकदा ते गळ्याला पट्ट्या गुंडाळून पटावर येत. १९३३ च्या अखेरीस उमर हयात खान मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. तुरुंगातून सुटल्यासारखं त्यांना वाटलं, असं पुढे फातिमांनी सांगितलं.

‘नोकर’ ही प्रतिमा रुजायला अमेरिकन ग्रँडमास्टर रूबेन फाइन यांनी सांगितलेली एक आठवण बरीचशी कारणीभूत आहे. उमर हयात खान यांच्या घरी अमेरिकन संघाला मेजवानी होती आणि जेवण वाढायला होते स्वतः सुलतान खान, अशी ती आठवण. सुलतान खान यांच्या कुटुंबीयांचा या प्रतिमेला ठाम आक्षेप आहे, आणि मला तो पटतो. घरी आलेल्या पाहुण्याला कुटुंबातल्या किंवा आश्रयातल्या माणसाने स्वतः वाढणं, पंजाबात काय किंवा आपल्याकडे काय, कमीपणाचं नसतं. उलट तो पाहुण्याचा मान असतो. आश्रयदाता आणि आश्रित यांच्यात दरी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती दरी साहेब आणि वेटर यांच्यातली नव्हे.

परतल्यावर त्यांचा नोंद झालेला एकच सामना आहे, आणि तो एका मराठी खेळाडूशी. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर त्यांच्याशी दहा डाव खेळले. खाडिलकरांना एका डावात बरोबरी मिळाली, बाकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले. आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासात या दहा डावांना मानाचं पान मिळायला हवं. खाडिलकर हरले म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही. जगातल्या पहिल्या दहांत गणल्या गेलेल्या खेळाडूने आपल्या मातीत खेळलेला तो शेवटचा सामना होता. वीस वर्षांनी, १९५५ साली, आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा डी. वेंकय्या यांच्यासोबत संयुक्त विजेते ठरलेले रामचंद्र सप्रे हेही मराठीच. पण त्या पिढीला सुलतान खान यांच्याकडून काही शिकता आलं नाही. मध्ये सरहद्द उभी राहिली होती.

सरहद्दीचा आणखी एक फटका बसला. १९५० साली फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले, सत्तावीस जणांना. त्यात जुन्या कामगिरीसाठी गौरवलेले खेळाडूही होते. रुबिनस्टाईन किती तरी वर्षं स्पर्धांपासून दूर होते, तरी त्यांचं नाव यादीत आलं, आणि ते योग्यच झालं. टार्टाकोवर आले, फ्लोर आले. या तिघांनाही हरवलेले सुलतान खान आले नाहीत. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघच १९५१ साली स्थापन झाला, आणि तोवर सुलतान खान पाकिस्तानचे नागरिक होते. ज्या इंग्लंडसाठी ते तीन ऑलिंपियाड पहिल्या पटावर बसले, त्याच्या लेखी ते केव्हाच घरी गेलेले पाहुणे होते. त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

सरगोध्याकडे शेतीवाडी सांभाळत ते राहिले. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात याहून उपयोगाचं काहीतरी करा, असं सांगत, ही घरच्यांची आठवण. २५ एप्रिल १९६६ रोजी क्षयाने त्यांचं निधन झालं. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी. फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच पाकिस्तानात गेले होते, आणि त्यांच्या हातून तो तिथल्या काळजीवाहू पंतप्रधानांनी स्वीकारला.