तेफिलात हादेरेख आणि बिरकत हागोमेल : प्रवासाच्या या दोन गोष्टी एक नाहीत

ज्यू धर्मशास्त्रात प्रवासाशी जोडलेल्या या दोन गोष्टी लोक सर्रास एकच समजतात. तेफिलात हादेरेख म्हणजे वाटेला लागल्यावर केलेलं मागणं, की सुखरूप ने आणि सुखरूप परत आण. हागोमेल म्हणजे संकटातून पार पडल्यावर मानलेले आभार, मग ते संकट प्रवासाचंच असावं असंही नाही.

मागण्याचं मूळ तालमुद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, बेराखोत भागात आहे. तिथे एलियाहू नबी एका विद्वानाला सांगतात की वाटेला लागताना आधी आपल्या निर्मात्याला विचार आणि मग नीघ. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, ज्यांच्या नावाने मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करतात तेच हे एलियाहू हन्नाबी!

नियम असा की ही प्रार्थना घरी बसून नाही तर गावाची हद्द ओलांडली की म्हणायची, प्रवास निदान एक परसा म्हणजे साधारण 4 किलोमीटरचा हवा, त्याहून कमी असेल तर शेवटचं देवाचं नाव घेऊन म्हणायचं वाक्य गाळतात, आणि वाटेत चहापाण्याला कितीही वेळा थांबलात तरी दिवसातून एकदाच. हल्ली गाड्या आल्यामुळे परसा अंतराने मोजायचा की वेळेने यावर मतभेद आहेत. रब्बी (ज्यू धर्मगुरू) ओवादिया योसेफ यांनी वेळ धरली, 72 मिनिटं.

हागोमेल चौघांसाठी आहे : समुद्र ओलांडून आलेला, वाळवंटातून आलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. हे चौघे बायबलमधल्या स्तोत्र 107 मधून घेतलेत. कैदेतून सुटलेला म्हटलं की मला सॅम्युएल इझिकेल दिवेकर आठवतात, टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आले आणि त्या कृतज्ञतेपोटी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं असं सांगतात. आता ते काही हागोमेल नव्हे, पण ज्या भावनेतून हागोमेल आलं ती हीच.

मला सगळ्यात भारी वाटतो तो फरक वेगळाच आहे. तेफिलात हादेरेख तुम्ही गाडीत एकटेच असलात तरी म्हणता येते, पण शब्द मात्र "आम्हाला" असेच, कारण तालमुदमधले विद्वान अबाये म्हणाले की मागताना माणसाने स्वतःला समाजात धरावं. आणि हागोमेल दहा जणांसमोर म्हणायचं, बहुतेक वेळा सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाच्या वेळी, पण त्यात "माझं भलं केलं" असं एकवचन! मग जमलेले लोक उत्तर देतात की ज्याने तुझं भलं केलं तो पुढेही करो. एकटा असताना सगळ्यांसाठी मागायचं आणि सगळ्यांसमोर स्वतःचं सांगायचं, किती विचार केलाय यात.

गोंधळ खरा होतो तो साध्या रस्त्याच्या प्रवासात. मुंबईहून पुण्याला गाडीने गेलात तर तेफिलात हादेरेख म्हणायची यावर फारसा वाद नाही. पोचल्यावर हागोमेल? शुलखान आरुख हा ज्यू नियमांचा ग्रंथ सांगतो की अश्केनाझी (जर्मनी-फ्रान्सकडच्या परंपरेचे) लोक एका शहरातून दुसऱ्या शहरात गेल्यावर म्हणत नाहीत, कारण समुद्र आणि वाळवंटाइतका धोका त्यात नाही, पण सेफार्दी (स्पेनकडच्या परंपरेचे) म्हणतात कारण त्यांच्या मते सगळेच रस्ते धोक्याचे. विमानाचं तर अजून वेगळं, रब्बी मोशे फाइनस्टाइन म्हणाले की विमानातून उतरल्यावर हागोमेल म्हणायचंच, खाली समुद्र असो वा जमीन, आणि काही जण मात्र समुद्रावरून गेलात तरच म्हणा असं सांगतात. त्यामुळे आपल्या सिनेगॉगचा रिवाज काय ते आपल्या हझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, आधी विचारून घ्या.