एका मिनिटात किती प्राणी आठवतात, हे शाळेवर पण अवलंबून असतं

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विसरायला होतंय म्हणून डॉक्टरकडे नेलं की बऱ्याचदा एक छोटी टेस्ट घेतात. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा, मग एखादं अक्षर देऊन त्यावरून सुरू होणारे शब्द सांगा. भेंड्यांसारखं वाटतं, पण मेंदूला बरंच काम असतं, शब्द शोधायचा, आधी काय बोललो ते लक्षात ठेवायचं आणि गाय-म्हैस संपली की लगेच वाघ-सिंहाकडे वळायचं. अल्झायमरमध्ये प्राण्यांचा आकडा सहसा अक्षरापेक्षा जास्त घसरतो, म्हणून टेस्ट कामाची आहेच.

पण नुसता आकडा बघून घाबरू नका! "क वरून शब्द सांगा" हे कळायला शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढता यावा लागतो, आणि ती सवय मुख्यतः लिहा-वाचायला शिकताना लागते. हरियाणातल्या बल्लभगडच्या हिंदी बोलणाऱ्या लोकांवरचा अभ्यास 1998 मध्ये आला, त्यात शिक्षणाचा फरक प्राण्यांपेक्षा पहिल्या आवाजाच्या टेस्टमध्ये जास्त दिसला. पोर्तुगालमधला 2004 चा अभ्यास मला तर फारच महत्त्वाचा वाटतो. शाळेत न गेलेल्या बायका प्राणी सांगताना मागे पडल्या, पण सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या वस्तू विचारल्यावर शिकलेल्यांच्या बरोबरीने बोलल्या. म्हणजे आपल्या मंडईत आयुष्यभर भाजी विकलेल्या आजींना प्राण्यांऐवजी भाज्या विचारून बघा की!

वयाने आकडा थोडा कमी होतोच. बाई-पुरुष फरक विषयावर ठरतो, इटलीत बायकांनी फळं जास्त सांगितली, पुरुषांनी अवजारं, प्राण्यांत फरक नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांना एकाच भाषेत सांगायला लावलं तर प्राणी-फळांचे शब्द थोडे कमी पडतात, आणि पुण्यात घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी, रिक्षावाल्याशी हिंदी असं किती जणांचं चालतं.

स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासायची मोका (MoCA) नावाची टेस्ट असते, तिच्यात शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर 1 मार्क वाढवून देतात, पण चौथीत शाळा सुटलेली बाई आणि बारावी पास माणूस दोघांना तेवढाच 1, हे मला पटत नाही. उलटंही होतं, निवृत्त प्राध्यापकांचा स्कोर 'नॉर्मल' येतो आणि त्यांची खरी घसरण लपून जाते. म्हणून जाताना डॉक्टरांना शाळा किती झाली, घरात काय बोलतात, काम काय केलं ते आपणहून सांगा, टेस्ट मराठीत घ्यायला सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी ताडून बघता येतं.