जुन्या मोटारीचे दोन साक्षीदार: छापील अंक आणि सामायिक आठवण

नागपुरात जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या आमच्या मंडळींच्या बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे "हे छापून आलेले आहे" आणि दुसरे "हे आपल्या सगळ्यांना आठवते". दोन्ही वाद संपवण्यासाठी वापरली जातात आणि ऐकणाराही त्यांना एकाच तागडीत टाकतो. वास्तविक मोटारींच्या मासिकातली छापील नोंद आणि क्लबच्या सभासदांनी मिळून जपलेली आठवण या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. कोणता प्रश्न कोणाला विचारायचा याचा विचार न झाल्यामुळे चांगल्या गाड्यांना चुकीचा रंग लागलेला आणि चुकीचे आसन-कापड बसलेले मी पाहिले आहे, आणि ते पुन्हा निस्तरण्यात गेलेली वर्षेही पाहिली आहेत. म्हणून हा फरक सविस्तर मांडावासा वाटतो.

छापील अंकाचे बळ त्याच्या तारखेत असते. ब्रिटनमधले 'ऑटोकार' 1895 पासून निघत आहे आणि 'मोटर स्पोर्ट'ची सुरुवात 1924 मधली. अशा नियतकालिकाचा 1958 सालचा अंक आज हातात घेतला, तर त्यातला मजकूर 1958 मध्येच थांबलेला असतो. पुढे काय होणार हे त्या लेखकाला ठाऊक नव्हते, आणि त्याचे हे अज्ञानच आपल्या कामाचे आहे. हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर 1957 मध्ये आली तेव्हा तिला कोणी 'मार्क वन' म्हणत नव्हते, कारण दुसरी आवृत्ती निघाल्याशिवाय पहिलीला क्रमांक मिळत नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून बाहेर पडणाऱ्या गाडीला 'पद्मिनी' हे नाव 1974 मध्ये मिळाले. आमच्याकडे मात्र "बाबांनी 1968 साली नवी पद्मिनी घेतली" असे वाक्य निःशंकपणे बोलले जाते. बोलणारा खोटे सांगत नसतो. गाडी तीच, बाबा तेच, सालही बहुधा तेच. नाव तेवढे नंतरच्या काळातून मागे सरकलेले असते. आठवण आजच्या शब्दांत बोलते, आणि त्या काळचा अंक त्या काळच्या शब्दांत.

असे असले तरी अंकातली नोंद नेमकी कोणत्या गाडीची आहे, हे विचारल्याशिवाय ती स्वीकारू नये. ती संपादकाकडे चाचणीसाठी आलेल्या एका गाडीची असते, आपल्या गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी त्या लेखकाने पाहिलेली नसते. अ‍ॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्लिश गाडीवरून घेतलेली आहे हे सर्वांना माहीत असते, म्हणून पुष्कळ जण विलायती अंक समोर ठेवून तिची दुरुस्ती करायला घेतात. पण इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला 1954 च्या मालिकेपासूनच 1489 सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह (झडपा वरच्या बाजूला असलेले) इंजिन होते, तर इथली अ‍ॅम्बॅसडर सुरुवातीला 1476 सीसीचे जुने साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या कडेला असलेले) इंजिन घेऊन निघाली आणि नवे इंजिन तिला 1959 मध्ये मिळाले. विलायती अंकावर पूर्ण विसंबणारा माणूस सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसडरमधले अस्सल इंजिन नकली ठरवून काढून टाकू शकतो. अमेरिकी गाड्यांच्या बाबतीतही हेच आहे. जनरल मोटर्स 1928 पासून 1954 पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असे. त्यामुळे अमेरिकी अंकातली डाव्या स्टिअरिंगची गाडी इथल्या गाडीचे प्रतिबिंब मानता येत नाही.

जाहिरातींची चित्रे त्याहून जपून पाहावीत. चित्रकार गाडी मुद्दाम लांब आणि बुटकी काढत, आणि आतली माणसे लहान. महायुद्धापूर्वीच्या कृष्णधवल छायाचित्रांमध्ये आणखी एक पेच असतो. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लालभडक गाडी छायाचित्रात काळी येई आणि निळी गाडी फिकट. "फोटोत काळी आहे" हे वाक्य म्हणूनच अशा गाडीबद्दल फार थोडे सांगते.

आता आठवणीकडे वळतो, कारण माझ्या मते तिच्यावर अधिक अन्याय होतो. अंकाला जे कधीच ठाऊक नसते ते तिला ठाऊक असते: ही गाडी, या गावात, या उन्हात कशी जगली. विदर्भाच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की फियाटच्या इंजिनावरचा पेट्रोलचा पंप, ज्याला इथले मिस्त्री एसी पंप म्हणतात, इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफच ओढत राहतो आणि वर्धा रोडवर भर दुपारी गाडी थांबते. पंपावर ओला फडका गुंडाळायचा, सोबत पाण्याचा डबा ठेवायचा आणि शक्यतो दहाच्या आत निघायचे, हे आमच्याकडे प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितले जाते. थंड हवेत घेतलेल्या चाचणीच्या अहवालात ही गोष्ट येण्याचे कारणच नव्हते. कोणत्या मिस्त्रीने कोणत्या गाडीच्या इंजिनाचे हेड उघडले, कोणत्या गाडीचा मागचा दरवाजा इतवारीतल्या रद्दी-लोखंडाच्या ढिगातून आला, कोणती गाडी 15 वर्षे चिंचेच्या झाडाखाली उभी होती, हेही फक्त माणसांजवळ असते, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते.

नावांच्या बाबतीतही आठवणीचा एक हक्क आहे. 1950 च्या दशकातल्या फियाट 1100 ला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात. पुढच्या नाकाडाकडे पाहून लोकांनी ठेवलेले हे नाव कोणत्याही कंपनीने आपल्या माहितीपत्रकात छापले नसते. तरीही आज ते शब्द उच्चारले की पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी ती नेमकी गाडी सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. अचूकपणा नेहमी छापील बाजूलाच असतो असे नाही.

मात्र सामायिक आठवणीत एक दोष आहे, आणि तो तिच्या सामायिक असण्यातूनच येतो. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताचा चित्रपट-तुकडा दाखवला. काहींना गाड्या एकमेकींवर "जोरात आदळल्या" तेव्हा वेग किती होता असे विचारले, काहींना नुसते "धडकल्या" असा शब्द वापरून विचारले. आठवड्याने सर्वांना विचारण्यात आले की, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का. पहिल्या गटातल्या 50 पैकी 16 जणांनी होकार दिला, दुसऱ्या गटातल्या 50 पैकी 7 जणांनी. चित्रपटात काचा फुटलेल्याच नव्हत्या. एका शब्दाने एवढे होत असेल, तर "त्या गाडीची सीट लालच होती ना?" असे भर बैठकीत विचारल्यावर काय होत असेल, याचा आपण विचार केला पाहिजे. एक जण हो म्हणतो, दुसरा मान डोलावतो, तिसऱ्याला लाल सीट खरोखर दिसू लागते. सहा जणांची साक्ष मिळाली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो आणि बाकीचे पाच त्याचे श्रोते असतात.

सगळ्यांत मोठा गोंधळ मात्र तिथे होतो जिथे हे दोन्ही साक्षीदार एकमेकांचे कपडे घालून येतात. एखादा क्लब मेळाव्याच्या निमित्ताने स्मरणिका काढतो. तिच्यात एखादे ज्येष्ठ सभासद आपल्या काकांच्या गाडीबद्दल लिहितात आणि त्यात सालही देतात. स्मरणिका छापील असते, तिला मुखपृष्ठ असते, ती कपाटात जुन्या मासिकांच्या शेजारी उभी राहते. दहा वर्षांनी तिच्यातले साल "छापून आलेले आहे" म्हणून उद्धृत होते. पण ते 50 वर्षांनंतर आठवून लिहिलेले साल असते, ते शाईने लिहिले म्हणून आठवणीची नोंद होत नाही. उलट बाजूनेही हेच घडते. लहानपणी घरी येणाऱ्या मासिकात जो डॅशबोर्ड शंभर वेळा पाहिला, तो पुढे घरच्या गाडीचाच डॅशबोर्ड म्हणून आठवू लागतो. माझ्या बाबतीत असे झाले आहे. आमच्या गाडीतले घड्याळ मला स्पष्ट आठवत असे. पुढे घरचा एक फोटो सापडला आणि त्या जागी नुसती पत्र्याची चकती असल्याचे दिसले. घड्याळ जाहिरातीतल्या गाडीत होते. म्हणून छापील मजकूर समोर आला की मी आता दोनच गोष्टी विचारतो: लिहिणाऱ्याने हे पाहिले केव्हा, आणि लिहिले केव्हा? दोन्हींमध्ये काही आठवड्यांचे अंतर असेल तर ती नोंद, आणि अर्ध्या आयुष्याचे असेल तर ती आठवण, मग ती गुळगुळीत कागदावर का असेना.

कधी कधी कागद खरा असतो, आणि तो वाचण्यासाठी मात्र गावाची आठवण लागते. एका सभासदाच्या आर.सी. बुकवर मध्य प्रदेशाचे नाव आहे, म्हणून ती गाडी जबलपूरकडून आली असे बरीच वर्षे मानले जात होते. तारीख 1953 ची होती. 1950 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याची राजधानी नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. म्हणजे ती गाडी सिव्हिल लाइन्सच्या बाहेर कधी गेली नसली, तरीही तिच्या कागदावर मध्य प्रदेशच असणार. हे सांगितले नागपूरच्या महाल भागातल्या एका आजोबांनी, कोणताही अंक न उघडता.

या सगळ्याला आता व्यवहारातही महत्त्व आले आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली खासगी वाहने व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे असतात, आणि नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. पहिल्या नोंदणीची तारीख कागदपत्रांवरूनच ठरते. तिथे मासिकही चालत नाही आणि आठवणही. मूळ स्वरूप कोणते हे मात्र दोघांनाही विचारावे लागते: कारखान्यातून गाडी कशी निघाली हे त्या काळच्या अंकाला, आणि त्यानंतर तिच्यात काय काय बदलले हे माणसांना.

म्हणून आमच्याकडे आता क्रम ठरला आहे. आधी प्रत्येकाला एकेकटे भेटायचे, "सीट कोणत्या रंगाची होती?" असे मोकळे विचारायचे, उत्तर तारखेसह त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे, आणि अंक, जाहिराती, फोटो त्यानंतरच पुढे ठेवायचे. येत्या रविवारी धरमपेठेतल्या एका काकांकडे जायचे आहे. त्यांचे वय 86 आहे आणि लँडमास्टर ही अ‍ॅम्बॅसडरच्या आधीची हिंदुस्तान मोटर्सची गाडी नवी असताना ती चालवलेले आमच्या ओळखीत ते एकटेच उरले आहेत. जुने अंक पिशवीत असतील, पण काकांचे बोलून होईपर्यंत पिशवी उघडायची नाही असे आम्ही ठरवले आहे.