ट्रॅक्टरचं स्टेअरिंग बदलताना आधी दाते मोजा

मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि धुऱ्यावर उभ्या ट्रॅक्टरचं काळं स्टेअरिंग हात लावू देत नाही. त्याच्या रिंगेत आत लोखंडी सळई असते, वर प्लास्टिक. व्यास ४२ सेंटिमीटर धरला तर घेर साधारण १३२ सेंटिमीटर. तापमान ४० अंशांनी वाढलं की आतली सळई जेमतेम ०.६ मिलिमीटर लांबते. वरचं प्लास्टिक मोकळं असतं तर ४ मिलिमीटरच्या आसपास लांबलं असतं. दोन्ही एकमेकांना जखडलेली, म्हणून ही ओढाताण रोज होते. त्यात ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं. मग दांडी रिंगेला मिळते तिथे चीर पडते. तिच्यावर कव्हर चढवू नका. चीर आत वाढत राहते आणि कव्हर घसरतं ते वेगळंच.

स्टेअरिंग ढिलं लागतं म्हणून बदलायला निघाला असाल, तर आधी तपासा. एकाने स्टेअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने वरच्या नटाजवळ पाहायचं. शाफ्ट, म्हणजे स्टेअरिंग ज्यावर बसतं तो दांडा, स्थिर राहून नुसतं स्टेअरिंग हलत असेल तर नट ढिला आहे किंवा दोघांना जोडणारे दाते झिजलेत. शाफ्टही फिरतो पण टायर हलत नाही, तर दोष टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटमध्ये किंवा शाफ्टखालच्या गिअरच्या पेटीत, म्हणजे स्टेअरिंग बॉक्समध्ये आहे. तिथे नवं स्टेअरिंग काही कामाचं नाही.

दुकानात लोक रिंग पाहतात. खरी पाहायची जागा मधलं भोक. त्यात आतून दाते असतात आणि ते शाफ्टच्या दात्यांत बसतात. शाफ्टच्या एका दात्यावर रंगाचा ठिपका द्या आणि गोल मोजत या. ३६ आणि ४० दात्यांचे शाफ्ट नजरेला सारखेच वाटू शकतात. चुकीचं स्टेअरिंग ठोकून बसवलं तर मोजक्याच दात्यांवर सगळा जोर येतो, ते झिजतात आणि भरलेली ट्रॉली ओढताना स्टेअरिंग शाफ्टवर नुसतं फिरू शकतं. काही शाफ्ट निमुळते असतात आणि त्यांत अर्धचंद्राकृती चावी, म्हणजे स्टेअरिंग फिरू न देणारा लोखंडी तुकडा, बसते. जुनं स्टेअरिंग सोबत न्या आणि उलटं करून दोन्ही भोकं शेजारी ठेवा. भोकाची खोलीही जुळली पाहिजे, नाहीतर नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत.

व्यास शक्यतो जुनाच ठेवा. हापशीचा दांडा आखूड केला तर पाणी काढायला जास्त जोर लागतो, तसंच इथे. ४२ ऐवजी ३६ सेंटिमीटरचं स्टेअरिंग लावलं, तर त्याच वळणाला सुमारे १७ टक्के जास्त बळ लागतं. पॉवर स्टेअरिंग असेल तर हे फारसं जाणवत नाही. पण साध्या स्टेअरिंगवर, पावसानंतर काळ्या मातीत पुढची चाकं रुतली की खांदे भरून येतात.

काढताना बॅटरीची ऋण तार सोडा, पुढची चाकं सरळ करा, हॉर्नचं बटण उचकून तार बाजूला घ्या. नट सैल करा, पण दोन-तीन आटे अडकलेले ठेवा. नाहीतर पुलर (स्टेअरिंग ओढून काढायचं अवजार) लावल्यावर स्टेअरिंग अचानक सुटून तोंडावर येतं. हातोडा नको. त्याचा मार शाफ्टमधून खाली बॉक्सपर्यंत पोचतो आणि बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या वाटेवर खड्डे पाडतो.

बसवण्याआधी दाते कापडाने पुसून कोरडे करा, वॉशर नवा घाला आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकाच नट कसा. लॉक नट असेल तर तोही नवाच हवा.

कार किंवा जीपला हा सल्ला तसाच लागू करू नका. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग बंधनकारक आहे आणि ती स्टेअरिंगच्या मधोमध असते. तिथे बाजारातलं शोभेचं स्टेअरिंग लावणं म्हणजे जीव वाचवणारी वस्तू स्वतः काढून टाकणं. हे काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करा.

ट्रॅक्टरवर पहिलं आठ-दहा तासांचं काम झालं की नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. खडबडीत वावरात चालवताना अंगठा रिंगेच्या आत अडकवू नका: चाक ढेकळावर आदळलं की साधं स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि त्याची दांडी अंगठ्यावर बसते.